डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश: ७५ वर्षं होऊन गेली तरी अजून 'अ'च?

विमाननगरकर (प्रश्न)

मंडळी, एक शंका आहे, हसू नका. रोज ऑफिसला जाताना येरवड्याच्या पुढं डेक्कन कॉलेजवरून जातो, पण इतक्या वर्षांत आत काय चालतं याचा कधी विचारच केला नाही. परवा वडील गावाहून आले होते, रिटायर्ड संस्कृत शिक्षक, गाडीतून बोर्ड दिसला तर एकदम सरसावून बसले आणि म्हणाले, अरे इथंच तो संस्कृतचा महाकोश चाललाय. घरी येऊन नेटवर बघितलं तर डोकंच चक्रावलं. १९४८ ला काम सुरू, पहिला भाग छापून आला १९७६ ला, आत्तापर्यंत ३५ खंड, सहा हजारांवर पानं, आणि अक्षर कुठलं चालू आहे तर 'अ'!! आ सुद्धा नाही.

मी आयटीत आहे, आमच्याकडं प्रोजेक्ट तीन महिने लांबला तरी क्लायंट डोक्यावर बसतो, त्यामुळं हे कसं चालतं ते खरंच कळत नाहीये. टिंगल करायचा हेतू नाही. नक्की करतात काय तिथं? एवढा वेळ कशाला लागतो? आणि हे कॉलेज आहे, विद्यापीठ आहे का संशोधन संस्था आहे? बाकी काय काय आहे आत, आणि आपल्यासारख्यांना बघता येतं का? कुणी शिकलेलं असेल तर सांगा.

---

शंकासुर

प्रश्न योग्य आहे आणि उत्तर तुला आवडणार नाही. वामन शिवराम आपट्यांनी याच पुण्यात संस्कृत-इंग्रजी कोश केला, १८९० ला छापून आला, तोही शिकवण्याचं काम सांभाळून. फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल होते ते. आजही सगळे तोच वापरतात. एकट्या माणसाला जमतं आणि अख्ख्या खात्याला पाऊण शतकात एक अक्षर संपवता येत नाही? सरकारी पैसा आहे हा, प्रश्न विचारलेच पाहिजेत.

---

स्लिपवाली

मी तिथंच एमए केलंय आणि नंतर काही काळ कोशावर कामाला होते, तेव्हा लिहायलाच हवं, लांबेल थोडं.

आधी आपट्यांचं. आपट्यांचा कोश माझ्या टेबलावर कायम असतो, पण तो आहे विद्यार्थ्यासाठी. शब्द अडला, अर्थ बघितला, पुढं गेलो. हा कोश ऐतिहासिक तत्त्वावरचा आहे, म्हणजे शब्द पहिल्यांदा कुठं आला, तेव्हा काय अर्थ होता, मग पुढं कुठल्या शतकात कुठल्या शास्त्रात त्याला काय नवीन अर्थ चिकटला, कुठला गळून पडला, हे सगळं मूळ उताऱ्यासकट द्यायचं. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी आहे ना, तशी कल्पना. डॉ. सु. मं. कत्रे यांनी हे सुरू केलं आणि डॉ. अ. मा. घाटगे पहिले प्रमुख संपादक.

त्यासाठी ऋग्वेदापासून ते थेट एकोणिसाव्या शतकापर्यंतचे साधारण दीड हजार ग्रंथ निवडले. नुसतं वेद-काव्य नाही हं. वैद्यक, गणित, वास्तू, रसायन, शेती, गुराढोरांचं वैद्यक, संगीत, युद्ध, राजनीती, शिलालेख, घरात बसून खेळायचे खेळ, अशी ६२ शास्त्रं. आणि हे ग्रंथ वाचून, हो अक्षरशः ओळ न ओळ वाचून, प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची चिठ्ठी करायची. वर शब्द, खाली वाक्य, ग्रंथाचा संदर्भ, टीकाकार काही म्हणत असेल तर ते. आम्ही स्लिप म्हणतो. हे वाचायचं आणि स्लिपा करायचं काम १९४८ ते १९७३, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षं चाललं, चाळीसेक विद्वान त्यावर होते आणि साधारण १ कोटी स्लिपा झाल्या. लोखंडी कपाटं आणि त्यांत खणच खण, त्या दालनाला स्क्रिप्टोरियम म्हणतात. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला जुन्या पोस्ट ऑफिसात आल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा १९४८ पासून 'अ' चालू आहे हे बरोबर नाही, पंचवीस वर्षं सगळ्याच अक्षरांचं काम चालू होतं, 'ह' पर्यंतच्या स्लिपा खणांत तयार आहेत.

आता लिहायला काय लागतं ते. समजा 'अक्ष' शब्द आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे, तिथं अक्ष म्हणजे फासा. रथाचा आस तोही अक्षच. बेहड्याला अक्ष म्हणतात, कारण फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरायचे. वैद्यकात गेलात तर ते एक वजन आहे, ज्योतिषात गेलात तर अक्षांश. आता खणातून गठ्ठा निघाला की त्यातली कुठली स्लिप कुठल्या अर्थाची हे ठरवायला प्रत्येक वेळी मूळ ग्रंथ काढून मागचंपुढचं वाचावं लागतं, आणि वैद्यकाचा ग्रंथ कळायला वैद्यक थोडं तरी यायला लागतं. मग कालक्रमानं लावायचं, आणि अर्ध्या ग्रंथांचा काळच वादातला, तिथं परत डोकेफोड. मग मसुदा, तो वरिष्ठांकडं, खुणा होऊन परत, मग प्रुफं. एखाद्या छोट्याशा अव्ययावर माझा दिवस गेलेला आहे आणि शेवटी छापून आल्या किती, तर ओळी मोजक्याच.

आणि 'अ' एवढा लांब का? संस्कृतात नकाराचा अ, अन् कशालाही लागतो, शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग 'अ'तच पडतात. मोनियर विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश १३३३ पानांचा आहे, त्यात सुरुवातीची सव्वाशे पानं नुसता 'अ' आहे. पुढची बरीच अक्षरं एवढी मोठी नाहीत.

---

शंकासुर

सव्वाशे भागिले तेराशे म्हणजे साधारण एक दशांश. पहिला भाग १९७६ ला आला, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. पन्नास गुणिले दहा, पाचशे वर्षं. धन्यवाद, माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात 😀

---

इसारकाठी

म्युनिकहून नमस्कार. इथं बव्हेरियन अकादमीत लॅटिनचा असाच एक महाकोश चालू आहे, थेसौरुस लिंगुए लातिने. १८९४ ला सुरू झाला. मधे दोन महायुद्धं होऊन गेली, अजून चालूच आहे. त्यांच्याकडंही साधारण १ कोटीच स्लिपा आहेत, योगायोग बघा. मी काही लॅटिनवाला नाही, गाड्यांच्या कंपनीत आहे, पण एकदा लोकांसाठी खुला दिवस होता तेव्हा बायकोनं ओढून नेलं होतं. खोकेच्या खोके. तिथल्या बाईंनी सांगितलं की एन हे अक्षर त्यांनी आधी बाजूला ठेवलं होतं, कारण 'नाही' अर्थाचे शब्द तिथं इतके की कुणी हात लावायला धजत नव्हतं, पुढची अक्षरं करून मग मागं आले. म्हणजे नकार सगळ्यांनाच महागात पडतो, आपल्याकडं तो बिचारा पहिल्याच अक्षरात आला एवढंच.

ग्रिम बंधूंचा जर्मन कोश माहितीये का, परीकथावाले तेच, त्यांनी १८३८ ला घेतला, थोरला भाऊ एफ पर्यंत पोचला आणि गेला, काम संपलं १९६१ ला. जर्मन लोकांची शिस्त म्हणतो ना आपण, ती ही अशी. पण शंकासुराचं एक बरोबर आहे, लॅटिनवाल्यांनी २०५० च्या आसपास संपवायचं असं ठरवलंय, निदान एक साल तरी डोळ्यांसमोर आहे. आपल्याकडं कुणी असं साल सांगितलंय का?

---

पेठकर

कोशाचं चालू द्या, मी विमाननगरकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कॉलेज का विद्यापीठ ते. तिन्ही.

मूळ सुरुवात येरवड्यात नाहीच, पेठेत आहे 🙂 पेशवाई गेली १८१८ ला. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, ती एकदम बंद केली तर शहर बिथरेल अशी इंग्रजांना धास्ती, मग त्यातल्याच पैशातून १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, हिंदू कॉलेज म्हणायचे. तिचं पुढं पूना कॉलेज झालं, मग डेक्कन कॉलेज. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून येरवड्याला गॉथिक पद्धतीची दगडी इमारत उठली आणि १८६८ ला कॉलेज तिथं गेलं. टिळक-आगरकरांची गाठ तिथली, टेकडीवर फिरता फिरता देशाचं कसं करायचं याच्या गप्पा मारणारे ते हेच दोघं विद्यार्थी. टिळक हॉस्टेलच्या ज्या खोलीत राहायचे ती जपून ठेवलीय. रा. गो. भांडारकर तिथं प्राध्यापक होते. इतिहासाचार्य राजवाडे, सेनापती बापट, गुरुदेव रानडे, सगळे तिथलेच विद्यार्थी.

आणि एवढं सगळं असून १९३४ ला सरकारनं खर्च परवडत नाही म्हणून कॉलेज बंद करून टाकलं!! माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले, म्हणणं एवढंच की जीजीभॉयांनी पैसे कॉलेजसाठी दिलेत, ते बंद करून जागा दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही. शेवटी तडजोड झाली आणि १७ ऑगस्ट १९३९ ला उघडलं ते बीएचं कॉलेज म्हणून नाही, पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९० चा. म्हणजे आज जे आहे ते त्या कोर्टकचेरीतून निघालंय. माझ्या मते पुण्याच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा किस्सा आहे, आपण अजून टिळकांच्या शेंगांच्या टरफलांतच अडकलोय.

१९३९ ला जमलेली माणसं बघा. कत्रे. पुरातत्त्वाला हसमुख सांकलिया. मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यं. शं. शेजवलकर, त्यांचं पानिपतावरचं इंग्रजी पुस्तक १९४६ ला कॉलेजनंच छापलं. आणि समाजशास्त्राला इरावती कर्वे. इरावतीबाई स्कूटरवरून फिरायच्या हे सगळ्यांना माहीत, युगान्त सगळ्यांनी वाचलेलं, पण बर्लिनला त्यांनी पीएचडी कशावर केली? माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात त्यावर. ज्यांच्या हाताखाली केली ते ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठतावाले, पुढं नाझींच्या मर्जीतले. गोऱ्यांच्या कवट्या वेगळ्या आणि सरस असं मापांतून निघावं ही त्यांची अपेक्षा, बाईंनी मापं घेतली आणि तसं काही निघत नाही हे त्यांच्याच संस्थेत बसून लिहून दिलं. इकडं येऊन सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननाला गेल्या, तिथं माणसांचे सांगाडे निघाले. आणि शेवटी शेवटी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली, जाई निंबकरांबरोबर, ती १९६९ ला कॉलेजनंच प्रसिद्ध केली. कवटीपासून कोयनेपर्यंत. एकाच बाईनं.

---

घोडकाठचा

इनामगावचं कोणीच कसं काढलं नाही अजून. मी शिरूर तालुक्यातला, आमचे आजोबा तिथं खोदकामाला मजुरीनं होते, त्यामुळं डेक्कन कॉलेज म्हणजे काय हे मला पुण्यात येण्याआधी कळलेलं. घरी 'कालेजवाले' म्हणायचे त्यांना. थंडी पडली की राहुट्या यायच्या.

१९६८ ते ८२ च्या आसपासपर्यंत, घोड नदीच्या काठाला, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी केलं. इसवी सनाआधी साधारण १६०० ते ७०० पर्यंत वस्ती होती, शेतकऱ्यांची. शंभराच्या वर घरं सापडली. राजवाडा नाही, सोनंनाणं नाही, सगळं मातीचं, पण लोक खात काय होते, पाणी कसं आणायचे (कालवा काढलेला होता नदीवरून), धान्य कुठं ठेवायचे हे सगळं कळलं. जळलेले दाणे बघणारा माणूस वेगळा, जनावरांची हाडं बघणारा वेगळा, माणसांच्या सांगाड्यांवरचा वेगळा. लहान मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून मग पुरायचे, परत जाऊ नये म्हणून असेल असं म्हणतात. आजोबांना हे काही पटलेलं नव्हतं, ते म्हणायचे आपल्याच माणसाचे पाय कोण तोडंल. पण एक जण सापडला चार पायाच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला, त्याचे पाय शाबूत! मोठा असामी असणार, पाटील म्हणा.

मला सगळ्यात भारी वाटतं ते घरांचं. आधीची घरं चौकोनी, ऐसपैस. इसवी सनाआधी हजारच्या सुमारास पाऊस कमी झाला असावा, तेव्हापासून लहान गोल झोपड्या दिसायला लागतात, गाईबैलांची हाडं कमी आणि शेळ्यामेंढ्या, हरणं जास्त. म्हणजे दुष्काळ पडला की शेतकरी काय करतो ते आमच्या गावच्या मातीत तीन हजार वर्षांपूर्वीचं लिहिलेलं आहे. आता तिथं उसाला पाणी आहे धरणाचं, तो भाग वेगळा.

---

शंकासुर

घोडकाठचा, झकास लिहिलंयस, आणि बघ, माझाच मुद्दा आहे यात. खोदलं चौदा-पंधरा वर्षं, जाडजूड रिपोर्ट आला १९८८ ला, काम पूर्ण. त्याच कॉलेजात पूर्ण होणारी कामं होतात. हरियाणात राखीगढी म्हणून सिंधू संस्कृतीची जागा आहे, तिचंही तसंच, वसंत शिंदे आणि मंडळींनी खोदलं, एका बाईच्या सांगाड्यातून डीएनए काढला, २०१९ ला पेपर आला, मग भांडा काय भांडायचं ते. मला संशोधन नकोय असं नाही. मला शेवट कुठं आहे ते हवंय.

---

स्लिपवाली

उत्खनन पूर्ण होतं कारण पैसे संपतात 😀 अर्ध्याहून जास्त पांढरीची (म्हणजे जुन्या वस्तीची) टेकाडं तशीच सोडून येतात, मुद्दाम सोडतात, पुढच्यांकडं नवीन तंत्र असेल म्हणून. आणि राखीगढीचंच म्हणाल तर त्या एका नमुन्यावरून काय काय निष्कर्ष निघतात यावर अजून हाणामारी चालू आहे, पूर्ण कुठं झालंय.

पण इसारकाठी यांचा प्रश्न बरोबर आहे, साल पाहिजे. हल्ली कोशश्री नावाचं सॉफ्टवेअर वापरतात त्यामुळं लावालावी आणि छपाईचं काम हलकं झालंय. वेळ जातो तो वाचण्यात आणि अर्थ ठरवण्यात, आणि तिथं माणूसच लागतो. संस्कृत येणारी मुलं मिळतात, पण संस्कृत येतं आणि न्यायशास्त्र पण येतं किंवा शिल्पशास्त्र पण येतं अशी किती मिळणार? जी तयार होतात त्यांना दुसरीकडं कायमची नोकरी लागली की जातात, मीही गेले, घर चालवायचं होतं. तेव्हा दिरंगाई म्हणून शिव्या घालायच्या तर त्या त्या टेबलावर बसणाऱ्याला नका घालू एवढंच.

---

वऱ्हाडी ठेचा

मी काय म्हन्तो, तुमी सारे संस्कृतातच अडकले. डेक्कन कॉलेजाचे पोट्टे आमच्या गावात आल्ते ना! राज्य मराठी विकास संस्था आन कॉलेज मिळून बोलीचं सर्वेक्षण करून राह्यले होते, जिल्ह्या जिल्ह्यात गेले ते लोकं. माया आजीले बसवलं, लॅपटॉपवर लहान लहान व्हिडिओ दाखवले आन इचारलं का आजी याच्यात काय होऊन राह्यलं ते सांगा, भावाच्या बायकोले काय म्हन्ता, बापाच्या बहिणीले काय म्हन्ता. आजी त सुरूच झाली, थांबेच ना, शेवटी चा करून देल्ला मंग उठले. आता ते समदं नेटवर आहे, सर्वेक्षणाच्या साईटवर जा, जिल्हा निवडा, आयका. आमच्या घरच्याईनं चार वेळा आयकलं.

(प्रमाण मराठीत लिहू शकतो पण इथं मजा नाही.)

---

विमाननगरकर

अरे बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. बोलींची साईट ऑफिसातच उघडली, शेजारचा चंदगडचा आहे, त्याचं काम थांबलंय. आता बघायला जायचं तर कसं? रविवारी चालतं का?

---

पेठकर

रविवारी जाऊ नका, हेलपाटा होईल. कामाच्या दिवशी, आणि आधी फोन करून विचारून जा, ती काही टिकीट काढून फिरायची जागा नाही, लोक काम करत असतात. दोन संग्रहालयं आहेत. एक पुरातत्त्वाचं, तिथं इनामगाव, नेवासे, जोर्वे इथली खापरं, दगडी हत्यारं वगैरे. दुसरं मराठ्यांच्या इतिहासाचं, इतिहाससंशोधक पारसनीसांनी जमवलेला साताऱ्याचा संग्रह १९३९ ला इकडं हलवला, तो. स्क्रिप्टोरियम बघायचं असेल तर संस्कृत कोश विभागात वेगळं विचारा. संस्कृत शिकवलेल्या माणसाला बरोबर नेलंत तर तुमच्यापेक्षा त्यांचंच जास्त स्वागत होईल.

आणि पाहुण्यांना रिक्षानं पाठवणार असाल तर 'येरवड्याचं डेक्कन कॉलेज' असं दोनदा सांगा, नाहीतर रिक्षावाला डेक्कन जिमखान्यावर नेऊन सोडतो आणि वर म्हणतो इथं कुठलंय कॉलेज.

---

शंकासुर

ठेच्याच्या आजीचं रेकॉर्डिंग दोन-तीन वर्षांत नेटवर येऊ शकतं, मग १ कोटी स्लिपा का नाही? स्कॅन करून जशाच्या तशा टाका. 'क' चं संपादन व्हायचं तेव्हा होईल, पण 'क' च्या स्लिपा १९७३ पासून खणात पडून आहेत, ज्याला पाहिजे तो बघेल तरी. पाचशे वर्षं थांबायची माझी तयारी आहे, पण खणाची किल्ली द्या.

---

स्लिपवाली

कच्च्या स्लिपांत चुका असतात, संदर्भ चुकलेले असतात, काहींचं अक्षर लावता लावता आम्हालाच घाम फुटायचा, ते तसंच बाहेर गेलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्यावरून पुस्तक लिहिणार ही भीती असते संपादकांना, आणि ती खोटी नाहीये. पण हे एक मात्र मला तुमचं पटतं. 'कच्चं आहे, जबाबदारी वाचणाऱ्याची' असं वर ठळक लिहून टाकावं. मी तिथं असताना चहाच्या वेळी हाच वाद व्हायचा, आणि दोन्ही बाजूंनी चांगली माणसं होती.